इलेक्ट्रिक बेसवरून डबल बेसकडे: सुरुवात कुठून करायची

इलेक्ट्रिक बेस दहा-पंधरा वर्षं वाजवलेला माणूस पहिल्यांदा डबल बेस, म्हणजे उभं राहून वाजवायचा तो मोठा लाकडी बेस, हातात घेतो, तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं फार छान जातात. तारा त्याच, ई, ए, डी, जी. क्रम तोच, सप्तकही तेच. ओळखीच्या गाण्याची बेसलाइन बोटांना आठवते आणि लाकडाच्या त्या मोठ्या पोटातून निघालेला आवाज थेट छातीत उतरतो. सहाव्या मिनिटाला डाव्या अंगठ्याच्या मुळाशी आग व्हायला लागते. सूर हळूहळू खाली घसरतात. मग माणूस आणखी जोरात दाबतो. मीही तेच केलं, आणि त्याची किंमत म्हणून पुढे दोन महिने मनगट शेकत बसलो.

त्यामुळे सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डबल बेसवर ताकद पंजातून काढायची नसते. खांद्यापासून सैल सोडलेल्या हाताचं वजन तारेवर टाकायचं असतं. डावा हात, उजवा हात, गज, अगदी उभं राहणं, सगळीकडे हाच हिशेब चालतो. इलेक्ट्रिकवर चिमटीत धरून भागतं, कारण तिथे तार हलकी, ॲक्शन (तारांची उंची) खाली आणि बाकीचं काम ॲम्प्लिफायर करतो. इथे स्टीलच्या एकेका तारेवर साधारण २५ ते ३० किलोचा ताण असतो. त्याच्याशी बोटांनी कुस्ती खेळून कोणी जिंकत नाही.

सोबत काय येतं, काय मागे ठेवायचं

तुमचा कान, ताल, कॉर्डची समज, ड्रमरशी जुळवून घेण्याची सवय, कुठे वाजवू नये याची जाण, हे सगळं जसंच्या तसं सोबत येतं. नव्याने संगीत शिकणाऱ्याला जिथे काही वर्षं लागतात ती वाट तुम्ही चालून आला आहात. नोटेशन वाचत असाल तर तेही तसंच चालतं. दोन्ही वाद्यांचं संगीत बेस क्लेफमध्ये लिहितात आणि ते लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतं. टॅबवर अवलंबून असाल तर मात्र आत्ताच वाचायला शिका. इथे फ्रेटच (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) नाहीत, तर फ्रेटचे आकडे वाचून उपयोग काय?

मागे ठेवायचा आहे तो डावा हात. लिओ फेंडरने १९५१ साली बाजारात आणलेल्या बेसला 'प्रिसिजन' हे नाव फ्रेटमुळे मिळालं. बोट फ्रेटच्या मागे कुठेही पडो, सूर नेमका लागतो. इतकी वर्षं अर्धं ऐकण्याचं काम धातूच्या त्या पट्ट्यांनी केलं. आता ते काम कानाकडे परत येतं.

फ्रेटलेस इलेक्ट्रिक वाजवत असाल तर कान थोडा तयार असेल, पण हाताचं सगळं तरीही नव्यानेच शिकावं लागतं.

वाद्य मिळवताना

पहिलं वाद्य विकत घेऊ नका. भाड्याने किंवा ओळखीत काही महिन्यांसाठी मिळतंय का पाहा. सहा महिन्यांनी तुम्हाला हव्या असलेल्या वाद्याची कल्पना आजच्यापेक्षा अगदी वेगळी असेल. मापांच्या नावांनी गोंधळू नका. 'तीन चतुर्थांश' म्हणजे लहान मुलांचं वाद्य नव्हे, बहुतेक मोठी माणसं तेच वाजवतात. त्यात तारेची वाजणारी लांबी १०४ ते १०६ सेंटिमीटरच्या आसपास असते. नेहमीच्या इलेक्ट्रिक बेसवर ती ८६ असते.

प्लायवूडच्या वाद्याला नाक मुरडू नका. अखंड लाकडाचा आवाज जास्त खोल असतो हे खरं, पण प्लायवूड हवामानातले बदल सोसतं आणि धक्के खातं. शिकण्याच्या काळात ही मोठी सोय आहे. पोटाचं, म्हणजे पुढच्या फळीचं, लाकूड अखंड आणि पाठ-बाजू प्लायवूडच्या, असा मधला प्रकारही मिळतो.

हातात घेतल्यावर चार गोष्टी पाहा. कडेकडेने बोटाच्या पेराने टकटक करत जा. कुठे खुळखुळल्यासारखा आवाज आला तर तिथला जोड सुटलेला असू शकतो. एफ आकाराच्या दोन छिद्रांना आतल्या बाजूने छोटी खाच असते, ब्रिजचे (तारा पेलणाऱ्या लाकडी घोडीचे) पाय त्या खाचांच्या रेषेत आहेत का पाहा. ब्रिजच्या पायांत उंची कमी-जास्त करायची चाकं आहेत का बघा, नसतील तर बसवून घ्या. शेवटी फिंगरबोर्डच्या (मानेवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीच्या) टोकाशी तारांची उंची मोजा. शिकणाऱ्यासाठी 'जी' तार ५-६ मिलिमीटर आणि 'ई' तार ८-९ मिलिमीटर वर असली तर हात तग धरतो. इलेक्ट्रिकच्या दोन-अडीच मिलिमीटरनंतर हे आकडे पाहून छाती दडपते. पण तारा फार खाली आणल्या तर आवाज मरतो आणि फिंगरबोर्डवर आपटून खरखरतो. सेटअप, म्हणजे ही सगळी जुळणी, चांगल्या कारागिराकडूनच करून घ्या. वाईट सेटअपच्या वाद्यावर शिकणं म्हणजे चुकीच्या मापाचे बूट घालून पळायला शिकणं.

उभं राहणं

एंडपिन (वाद्याच्या तळाची टेकायची दांडी) इतकी बाहेर काढा की फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाची नट (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) भुवईच्या आसपास येईल. पाय खांद्याइतके फाकवा, वाद्य थोडं स्वतःकडे कलवा आणि जरासं वळवा. वाद्याच्या पाठीची वरची कडा तुमच्या पोटाला, डाव्या कमरेच्या हाडाजवळ टेकू द्या. मान तुमच्या डाव्या कानाशेजारी येते.

आता दोन्ही हात सोडा. वाद्य जागेवर राहिलं पाहिजे. कलंडत असेल तर एंडपिनची उंची किंवा वाद्याचा कोन बदला आणि पुन्हा हात सोडून बघा. डावा हात वाद्य धरून ठेवायच्या कामाला लागला की सूर बदलायला तो मोकळा उरत नाही. या तपासणीला रोज एक मिनिट द्या. उंच स्टुलावर बसून वाजवणं हाही तितकाच रीतसर मार्ग आहे. पाठीची तक्रार असेल तर तिथूनच सुरुवात करा.

डावा हात

इथे वेळ लागतो आणि घाई इथेच महागात पडते.

इलेक्ट्रिकवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर साधारण १३ सेंटिमीटर असतं, चार बोटं तिथे बसतात. तेच अंतर डबल बेसवर जवळजवळ १६ सेंटिमीटर होतं. हाताला तेवढं ताणून धरलं की आखडणं ठरलेलं. म्हणून मानेजवळच्या भागात चार स्वरांऐवजी तीनच स्वर हाताखाली ठेवतात: पहिलं बोट, अर्ध्या स्वरावर दुसरं, आणखी अर्ध्या स्वरावर चौथं. तिसरं बोट चौथ्याला टेकू देतं, दोघं मिळून दाबतात. या पद्धतीला फ्रान्झ सिमांडल (१८४०–१९१२) यांचं नाव चिकटलं आहे आणि आजही बहुतेक शिकवणारे तिथूनच सुरुवात करतात. फ्रान्स्वा राबाथ यांच्या पद्धतीत अंगठा जागेवर ठेवून हात डोलवत जास्त स्वर गाठतात. ती सुंदर आहे, पण माझ्या मते इलेक्ट्रिकवाल्याने पहिलं वर्ष सिमांडलच्या एक-दोन-चारवरच काढावं. बोटं ताणायची जुनी खोड मोडायला तेवढा काळ लागतो.

हाताचा आकार असा: हवेत पाण्याचा ग्लास धरल्यासारखी गोलाई, अंगठा मानेच्या मागे साधारण दुसऱ्या बोटासमोर, कोपर खाली न लोंबता थोडं वर, मनगट सरळ. बोटांची टोकं तारेवर वरून येतात.

मग हे करून पाहा. डी तारेवर पहिलं बोट ई स्वरावर ठेवा, तार छेडा आणि वाजत असतानाच अंगठा मानेवरून काढून घ्या. सूर टिकला पाहिजे. पहिल्यांदा तो टिकणार नाही, तार लगेच भुणभुणते. आता खांदा सैल सोडा, दार ओढून उघडताना हात जसा मागे जातो तसं कोपर मागच्या दिशेला जड होऊ द्या. बोट त्या वजनाला नुसतं अडकवलेल्या आकड्यासारखं आहे असं समजा. एका क्षणी भुणभुण थांबते आणि सूर स्वच्छ उभा राहतो, अंगठा हवेतच असतो. मला तो क्षण तिसऱ्या आठवड्यात सापडला. त्यानंतर हात दुखण्याचं प्रमाण निम्म्याने उतरलं.

पहिली स्केल एफ मेजर घ्या. ती खुल्या तारांसकट एकाच जागी, अर्ध्या पोझिशनमध्ये (नटच्या अगदी जवळ) वाजते. ई तारेवर पहिलं बोट एफ, चौथं जी, मग खुली ए. ए तारेवर पहिलं बोट बी फ्लॅट, चौथं सी, मग खुली डी. डी तारेवर दुसरं बोट ई आणि चौथं एफ. खुल्या तारा टाळायची सवय इलेक्ट्रिकवर आपसूक लागते. इथे ती सोडा. खुली तार म्हणजे हाताला विश्रांती, कानाला आधार, आणि पोझिशन बदलायला मिळालेली उसंत.

सूर लावणं

फिंगरबोर्डवर खुणेचे स्टिकर लावावेत का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी म्हणेन, लावू नका. डोळा एकदा कामाला लागला की कान सुट्टीवर जातो. शिवाय त्यासाठी मान खाली घालावी लागते आणि खांदा बिघडतो. वाद्यात आधीच खुणा आहेत, त्या शिका.

पहिली खूण: प्रतिसाद देणाऱ्या तारा. जी तारेवर ए स्वर नेमका लागला की खुली ए तार स्वतःहून गुणगुणते, कारण तिच्या वरच्या सप्तकाचाच तो स्वर असतो. डी तारेवरच्या ई स्वराला खुली ई तार साथ देते. ए तारेवर डी लावला की शेजारची डी जागी होते. स्वर वाजवा, मग वाजवलेली तार थांबवा आणि मागे काय उरतं ते ऐका. काहीच उरलं नाही तर बोट केसभर हलवा. वाद्याचं पोट थरथरलेलं अंगाला कळतं. खरा सूर लागला की डबल बेस एकदम मोठा होतो, आणि याहून चांगला शिक्षक कुठल्याही ट्यूनरमध्ये नाही.

दुसरी खूण: मानेची टाच. हात मानेवरून खाली सरकत जातो आणि अंगठा जिथे मान पोटाला मिळते त्या वळणात अडतो, तिथे जी तारेवर पहिल्या बोटाखाली डी किंवा ई फ्लॅट येतो. तुमच्या वाद्यावर यांपैकी कोणता येतो ते पहिल्याच दिवशी शोधा. अंधारातही सापडणारं हे ठिकाण आहे.

या दोन खुणा जोडणारा एक सराव मी अजूनही रोज करतो. जी तारेवर पहिल्या बोटाने ए. पुढचा डी आधी गळ्याने गा. मग बोट तारेवरून न उचलता, दाब मात्र हलका करून, अख्खा हात अंगठ्यासकट खाली न्या. अंतर साधारण २४ सेंटिमीटर आहे. इलेक्ट्रिकवाल्याची खोड अशी की बोट पुढे झेपावतं आणि अंगठा मागे राहतो. हालचाल कोपरातून झाली पाहिजे, हात लिफ्टसारखा सरकला पाहिजे. डी वर पोचल्यावर खुली डी तार वाजवून पाहा. एक सप्तकाचं अंतर चोख असेल तर दोन्ही स्वर एकमेकांत विरघळतात. चुकलं तर तिथल्या तिथे बोट घसरवून दुरुस्त करू नका. परत ए वर जा, डी पुन्हा गा आणि पुन्हा या. घसरवून सुधारलेला सूर हाताला चुकीचीच जागा शिकवतो.

बाकी स्केल तानपुऱ्यासारख्या अखंड सुरावर वाजवा. मोबाईलवर असा सूर सहज मिळतो. ट्यूनरचा काटा पाहत वाजवू नका, तो फक्त शेवटी खात्री करायला ठेवा. तारा जुळवायची हार्मोनिकची (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुराची) जुनी रीत इथेही चालते: खालच्या तारेच्या पाव लांबीवरचा हार्मोनिक आणि वरच्या तारेच्या एक तृतीयांश लांबीवरचा हार्मोनिक सारखे आले पाहिजेत. म्हणजे तुमच्या ओळखीच्या पाचव्या आणि सातव्या फ्रेटच्याच जागा.

उजवा हात

इलेक्ट्रिकवर दोन बोटांची टोकं आलटून-पालटून चालतात. इथे तसं वाजवलं तर आवाज बारीक आणि कोरडा येतो. फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाजवळ अंगठा बाजूच्या कडेवर टेकवा. तर्जनी जमिनीकडे रोखून जवळजवळ तारेला समांतर ठेवा आणि पहिल्या पेराची अख्खी बाजू तारेवर बसवा. आता हाताचं वजन तारेत जाऊ द्या आणि तार बाजूला ढकलत सुटा. बोट पुढच्या तारेवर येऊन विसावतं. मांस जितकं जास्त लागेल तितका सूर भरदार. वेगवान जागी मधल्या बोटाची मदत घ्या, पण आधी एकट्या तर्जनीचा आवाज पक्का करा.

फोड येतील. बोट पोळायला लागलं की त्या दिवशी थांबा. फोड फोडू नका, दोन दिवस गजाने सराव करा. काही आठवड्यांत घट्टे पडतात.

डबल बेसचा स्वर लवकर विरतो. इलेक्ट्रिकवर स्वर कधी थांबवायचा याची काळजी असते, इथे तो पुढच्या स्वरापर्यंत जिवंत कसा ठेवायचा याची. डावं बोट शेवटच्या क्षणापर्यंत न उचलणं हे त्याचं उत्तर. जॅझमधल्या पॉल चेंबर्स किंवा रे ब्राउन यांचं वॉकिंग (मात्रेमात्रेला एक स्वर चालवत नेणं) ऐकताना स्वरांच्या निवडीपेक्षा दोन स्वरांमधल्या सांध्याकडे लक्ष द्या. तिथे फट दिसत नाही.

गज

'मला जॅझच वाजवायचंय, गज कशाला?' असं मी वर्षभर म्हणत राहिलो. ते वर्ष वाया गेलं असं आज वाटतं. छेडलेला स्वर क्षणात मावळतो, त्यात थोडा बेसूरपणा लपून जातो. गजाने ओढलेला स्वर चार मात्रा तुमच्यासमोर उभा राहतो आणि खरं काय ते सांगतो.

गज धरण्याच्या दोन रीती आहेत. फ्रेंच गज वरून धरतात, चेलोसारखा. जर्मन गजात तळहात बाजूने-खालून येतो. दोन्हींतून उत्तम आवाज निघतो, म्हणून तुमचे शिक्षक जो वाजवतात तो घ्या. राळ डबल बेसचीच हवी, व्हायोलिनची कोरडी राळ या जाड तारांना पकडत नाही. ती गजावर एकाच दिशेने फिरवा. केसांना बोट लावू नका आणि वाजवून झालं की गज सैल करा.

सुरुवातीला फक्त खुल्या तारा. मेट्रोनोम ६० वर, चार मात्रा गज खाली, चार मात्रा वर, तारेला काटकोनात, ब्रिज आणि फिंगरबोर्डच्या टोकाच्या मधोमध. इथेही दाबायचं नाही, हाताचं वजन तारेवर विसावू द्यायचं. आवाज किंचाळला तर गज फार हलका आणि वेगवान झाला आहे. चिरडल्यासारखा आला तर वजनाच्या मानाने तो फार सावकाश चालला आहे. रोज दहा मिनिटं पुरतात.

रोजचा वेळ

पहिला महिना रोज तीस-चाळीस मिनिटं, तीही दोन तुकड्यांत. दहा मिनिटं गज खुल्या तारांवर, दहा मिनिटं एफ मेजर आणि मग बी फ्लॅट मेजर अखंड सुरावर, पाच मिनिटं ए ते डी, आणि उरलेला वेळ एखादं आवडीचं सोपं गाणं. दुसऱ्या महिन्यापासून ब्लूज किंवा साधं वॉकिंग सावकाश लयीत घ्या. मानेच्या टाचेपलीकडचा भाग आणि अंगठ्याची पोझिशन (अंगठाही तारेवर ठेवून वाजवणं) सहा महिने तरी बाजूला ठेवा. तिचा मोह होतो, कारण इलेक्ट्रिकवर सोलो तिकडेच असतात.

स्नायू थकणं ठीक आहे. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी टोचणारी कळ आली, बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी वाद्य खाली ठेवा. शिक्षक निदान पहिले तीन महिने हवाच. सूर चुकला तर तुमचा अनुभवी कान सांगेल, पण उचललेला खांदा तुम्हाला स्वतःला दिसत नाही.

इलेक्ट्रिक सोडायची गरज नाही. दोन्ही वाजवणार असाल त्या दिवशी डबल बेस आधी घ्या. जॉन पॅटिटुची, क्रिश्चियन मॅकब्राइड, एस्पेरान्झा स्पाल्डिंग ही मंडळी दोन्ही वाद्यं सारख्याच अधिकाराने वाजवतात, आणि त्यांचा हात प्रत्येक वाद्यावर वेगळा चालतो हे पाहण्यासारखं आहे.

ॲम्प्लिफायर आणि निगा

पहिले काही महिने ॲम्प्लिफायरशिवाय वाजवा, म्हणजे आवाज हातातून काढायची सवय लागते. पुढे ब्रिजवरचा पीझो पिकअप (लाकडाचं कंपन टिपणारा तुकडा) लावाल तेव्हा तो थेट बेस ॲम्प्लिफायरमध्ये खुपसू नका. त्याला एक मेगाओम किंवा जास्त इनपुट इम्पिडन्सचा (विद्युत अडथळ्याचा) प्रीॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधी जोडायचं छोटं यंत्र, लागतो, नाहीतर खालचे सूर गळून पडतात आणि आवाज नाकातून येतो. ४० हर्ट्झच्या आसपासचा हाय-पास फिल्टर (त्याखालची घरघर गाळणारा) आणि फेज उलटवायचं बटण असेल तर घुमण्याचा त्रास बराच कमी होतो. स्पीकरचं तोंड थेट वाद्याच्या पोटावर येऊ देऊ नका.

तारा बदलताना एका वेळी एकच काढा. वाद्याच्या आत ब्रिजच्या जी तारेकडच्या पायाजवळ साउंडपोस्ट नावाची लाकडी दांडी उभी असते. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने अडकून राहते. चारही तारा एकदम सैल केल्या तर ती पडते आणि मग पोटाला इजा होऊ शकते. ती पडलीच तर तारा पुन्हा ताणू नका, कारागिराकडे न्या. तारा चढवताना ब्रिजचं वरचं टोक हळूहळू फिंगरबोर्डकडे ओढलं जातं. टेलपीसकडची (तारांची खालची टोकं अडकवतात त्या तुकड्याकडची) त्याची बाजू पोटाशी काटकोनात उभी आहे ना, ते अधूनमधून बघत जा. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. वाद्य खाली ठेवायचं ते कुशीवर, पोटावर किंवा पाठीवर कधीच नाही.

बँडसोबत पहिल्यांदा वाजवायला जाल तेव्हा मध्यम लयीची दोन-तीनच गाणी डबल बेसवर ठेवा, शक्यतो एफ, बी फ्लॅट किंवा जी मध्ये, जिथे खुल्या तारा हाताशी येतात. ती कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच घ्या, हात ताजा असताना. बाकीच्या गाण्यांसाठी इलेक्ट्रिक स्टँडवर जुळवून ठेवा, आणि मंचावर चढल्यावर एंडपिन जमिनीत नीट रुतली आहे ना ते आधी तपासा.